कोलकीतला वारा

एप्रिल लागला की रायपुरात कूलर फुटपाथवर येऊन उभे राहतात. पत्र्याच्या पेट्या, तीन बाजूंना जाळ्या, जाळ्यांत नवं गवत. दुकानदार त्यातला एक चालू ठेवतो. जाणाऱ्याच्या अंगावर दोन पावलांपुरती ओली झुळूक येते, तिला वाळ्याचा वास असतो, आणि तिसऱ्या पावलाला पुन्हा ऊन सुरू होतं. यंदाही ती दोन पावलं चालून झाली, आणि तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी वाळ्याचा वास नव्हता. कूलर जिन्याखाली पोत्यात गुंडाळून ठेवला होता. झोपायच्या खोलीत मार्चमध्येच एसी बसला होता.

इथल्या मे महिन्याची दुपार सांगायला अवघड आहे. अकरानंतर गल्लीतले आवाज एकेक करून बंद होतात. आधी भाजीवाली, मग कबुतरं, शेवटी कुत्री. लोखंडी फाटकाची कडी फडक्यानं धरावी लागते. नळाची पहिली बादली अंगावर घेता येत नाही. नवतपा, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात आल्यावरचे नऊ दिवस, लागला की माणसं हळू बोलू लागतात. ती भीती नसते. घरात कोणी फार मोठं माणूस आलं की आवाज आपोआप खाली येतो, तसं ते असतं.

माझा नवरा मिलिंद नवा रायपुरातल्या एका कार्यालयात काम करतो. तिथले रस्ते इतके रुंद आहेत की झाडाची सावली रस्ता ओलांडून पलीकडे पोहोचत नाही. बस क्वचित, गाड्या भरपूर. काचेच्या इमारतीत हवा इतकी गार ठेवतात की मे महिन्यात बायका खुर्चीच्या पाठीवर शाल टाकून ठेवतात. मिलिंदनं हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. शहर वाढत होतं, आणि वाढ वाईट असं म्हणायला आमच्या घरात कोणी तयार नव्हतं. ज्यांच्या आईबापांनी आयुष्याचा मोठा भाग पंख्याशिवाय काढला, त्यांना गारवा ही साधी गोष्ट वाटत नाही.

मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काम करते. त्या वर्षी संपादकांनी उष्म्यावर रोज अर्धं पान काढायचं ठरवलं. त्यात एक छोटा स्तंभ होता, ‘कम में काम’. रोज एका घरानं काय कमी केलं, ते दहा-बारा ओळींत. तो माझ्याकडे होता. खाली बहुतेक दिवस एसीची जाहिरात असायची. कोणी मुद्दाम लावलेली नव्हे, पानावर जागा तीच होती.

दुसऱ्यांना विचारायचं तर आपण आधी करावं, म्हणून मी घरात एक यादी केली. भाजीला स्कूटर न्यायची नाही. वर्षभर नवा कपडा नाही. आंघोळ एका बादलीत. प्लास्टिकची पिशवी दारातून आत येणार नाही. एसी एकच, एकाच खोलीत, आणि तिघं त्याच खोलीत. आमची सानू तेव्हा दहा वर्षांची होती. मराठी तिला सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत देते. यादी वाचून ती म्हणाली, “मम्मा, इसमें पापा की गाड़ी क्यों नहीं है?” नवा रायपूरच्या बस किती कमी आहेत ते मी तिला समजावलं. आपल्याला जे सोडायचं नसतं त्याच्या बाजूची कारणं किती नीटनेटकी असतात, हे तेव्हा नोंदवायचं राहून गेलं.

समता कॉलनीच्या मागच्या अंगाला आमची गल्ली आहे. आमचं घर आणि शेजारचं घर यांत अडीच हातांचा बोळ आहे. इथले लोक अशा बोळाला कोलकी म्हणतात. कोलकीपलीकडच्या दोन खोल्यांत रामटेके काका-काकू राहतात. दोघं मूळचे भंडाऱ्याकडचे. काकांची नोकरी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात झाली, घर बीरगावला. तिथं सकाळी गच्चीवर पाऊल टाकलं की तळवे काळे व्हायचे, असं काकू सांगतात. निवृत्तीपर्यंत काकांची छाती भरत गेली. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण आधी हवा बदला. म्हणून त्यांनी बीरगावचं स्वतःचं घर विकून इथं या दोन खोल्या घेतल्या. त्यातल्या आतल्या खोलीला कोलकीच्या बाजूनं एक खिडकी होती. काकूंनी घर पाहिलं नाही, खिडकी पाहिली. तिला निळा रंग दिला आणि काकांची खाट तिला लावून टाकली.

त्या खाटेवरून कोलकीचं तोंड दिसायचं, आणि तोंडाशी आमचं फाटक. मी कामाला निघताना आतून हाक यायची.

“जयभीम, पेपरवाले! आज काय छापून राहिले?”

“जाहिराती, काका.”

“मंग बातम्या घरीच ठेवल्या का?” आणि हसणं, हसण्यामागून खोकला.

दोन वर्षं हे रोज होत होतं. त्या मे महिन्यात ते बंद झालं, आणि माझ्या लक्षातही आलं नाही. बातमी लिहिणाऱ्याला घडलेलं दिसतं. न घडलेलं पाहायला तो शिकत नाही.

दर उन्हाळ्यात काकू मुगवड्या घालतात. त्यांचा डबा आमच्याकडे येतो. त्या वर्षीच्या वड्या नेहमीपेक्षा कडक होत्या. रश्शात शिजल्या तरी आकार सोडत नव्हत्या. स्तंभाला एक दिवस मजकूर कमी पडला तेव्हा मी डेस्कवर बसून दहा ओळी लिहून दिल्या. पडोस की एक काकी, ना मशीन, ना बिजली, सिर्फ़ धूप और धीरज. नाव दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू अंकाची घडी हातात घेऊन दारात उभ्या.

“जयभीम. वाचलं मी. बढिया लिहिलं व पोरी. पन एक गोष्ट चुकली तुही.”

“कोणती?”

“वड्याले ऊन नाही लागलं यंदा. एक दिवसबी नाही.”

“मग वाळल्या कशा?”

“चल, दाखवते.”

कोलकीत मी तोपर्यंत कधी गेले नव्हते. आमचं एकही दार तिकडे उघडत नाही. झोपायच्या खोलीची खिडकी आहे, पण एसी बसवताना तिच्या फटी फोमच्या पट्टीनं बुजवल्या होत्या आणि वर जाड पडदा होता. सकाळचे साडेदहा वाजून गेले होते. कोलकीत शिरले आणि थांबले. तिथं वारा होता, पण तो कुठून तरी येत नव्हता. आमच्या भिंतीवरच्या यंत्रातून निघत होता. एकसारखा, कोरडा, गुरगुरणारा. भट्टीचं झाकण काढल्यावर येतो तसा. त्याच्या बरोबर समोर एक खाट, खाटेवर धुतलेली सुती साडी, साडीवर ओळीनं वड्या. एकेक वडी एकाच मापाची, ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ.

“हवा तं गरमच फेकून राहिली ना तुही मशीन,” काकू म्हणाल्या. “वाया काहून जाऊ द्याची? उन्हात पाच दिवस लागते, इथं तिसऱ्या दिवशी खडखड वाजते.”

आमच्या घरातून फेकून दिलेली उष्णता या बाईनं वापरात आणली होती. कमी वापरावर महिनाभर मी स्तंभ लिहीत होते, आणि वापर या शब्दाचा इतका पुरता अर्थ माझ्या समोर कधी आला नव्हता. मी त्या ओळींकडे बघत राहिले. मग खाटेपलीकडची निळी खिडकी दिसली. बंद होती. फटींत ओलं पोतं कोंबलं होतं, आणि बाहेरच्या बाजूनं ते वाळून ताठ झालं होतं.

“काका कुठं आहेत?”

“कुठं राहतीन? आतच.”

आमच्या खोलीत डेस्कवरून आणलेला एक साधा तापमापक टांगलेला होता. खोली किती गार ठेवायची यावर माझं रोज लक्ष असायचं. मी जाऊन तो आणला आणि निळ्या खिडकीच्या गजाला अडकवला. पारा थांबत थांबत चढला, मग न थांबता चढला, आणि काचेवरच्या रेघा संपल्या तिथं जाऊन उभा राहिला. आकडा लिहावा असं काही उरलंच नव्हतं.

आतल्या खोलीत अंधार होता. एका भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पाण्याचं मडकं. काका पाठीला उशा लावून बसले होते, छातीवर ओला गमछा. श्वास मोजून घेतल्यासारखा. मला पाहून त्यांनी हात वर केला.

“आज काय छापून राहिले?”

“चूक, काका.”

“चूक तं रोजच छापता. आज नवीन काय?”

त्यांना हसू आलं आणि खोकला आला. काकूंनी गमछा उचलला, मडक्याच्या पाण्यात बुडवला, पिळला, परत ठेवला. हे त्या दिवसातून किती वेळा करतात ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, सुकला की. मग त्यांनी दिवस सांगितला, एखादं वेळापत्रक वाचावं तसा.

“तुही मशीन सकाळी साडेसहाले बंद होते. तवा मी खिडकी उघडते. साडेदहाले चालू होते, तवा बंद करते. तू साडेतीनले जाते. पोट्टी चारले खेळाले जाते, तवा मशीन बंद. मंग सात वाजेपर्यंत उघडी. साहेब आले का पुन्हा बंद, सकाळवरी.”

आमच्या रिमोटचं बटण कोण कधी दाबतं, हे आमच्यापेक्षा त्यांना नेमकं ठाऊक होतं. ज्या खिडकीसाठी घर विकलं, ती आमच्या वेळेप्रमाणे उघडत आणि मिटत होती.

“तुम्ही सांगितलं का नाही, काकू?”

“काय सांगू? पोट्टी झोपते थंड्यात, तू रातच्याले उशिरा येतं. अन् हवाच ते. हवा कोणाच्या ना कोणाच्या अंगावर जातेच.” मग गमछा सरळ करत म्हणाल्या, “बीरगावले कोणाले सांगतलं होतं?”

मी तापमापक गजावरून काढला, घरी आले आणि एसी बंद केला.

यंत्र गारवा तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलतं आणि स्वतःची थोडी घालून बाहेर नेऊन ठेवतं. हे शाळेत शिकलेलं असतं. पण बाहेर म्हणजे कुठे? बातमीत ‘कुठे’ हा पहिल्या प्रश्नांपैकी एक असतो. तो मी घराबाहेरच्या प्रत्येक गोष्टीला विचारत आले होते. माझ्या यादीतल्या सगळ्या गोष्टी मी सोडलेल्या होत्या. मी दुसऱ्याच्या खिडकीशी नेऊन ठेवलेलं त्या यादीत नव्हतं, कारण यादी घराच्या आत बसून केलेली होती.

त्या दिवशी एसी पुन्हा लावला नाही. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती; तो बसवणाऱ्या कारागिराला बोलावलं. भुऱ्या मिशीचा, शांत माणूस. त्याला म्हटलं, बाहेरचं यंत्र दुसरीकडे हलवायचं आहे. आम्ही दोघं घराभोवती फिरलो. समोरच्या भिंतीवर लावावं, तर खाली लिंबाच्या सावलीत भाजीवालीची पाटी. डाव्या भिंतीवर लावावं, तर तिकडच्या घराचं स्वयंपाकघर, आणि तिथली सूनबाई आधीच चुलीसमोर घाम पुसत उभी. गच्चीवर न्यावं, तर मागच्या घरातली चार माणसं रोज संध्याकाळपासून आमच्या गच्चीला लागलेल्या त्यांच्या गच्चीवर अंथरुणं टाकतात, आणि मधला कठडा कमरेएवढासुद्धा नाही.

कारागीर गच्चीवर उभा राहून बराच वेळ इकडेतिकडे पाहत होता. मग म्हणाला, “गर्मी तो कहीं न कहीं जाएगी ही, दीदी. इधर नहीं तो उधर.”

खाली पसरलेलं शहर दिसत होतं. प्रत्येक भिंतीवर एक पांढरी पेटी, प्रत्येक पेटीला एक तोंड, आणि प्रत्येक तोंड कोणाकडे तरी वळलेलं. दूर उरल्याच्या बाजूला धुराची करडी रेघ. वर आकाश, पांढरं, एकही ढग नसलेलं. तिथं उभं असताना पहिल्यांदाच हे सगळं एकच खोली असल्यासारखं दिसलं. मोठी, बिनदाराची खोली, जिच्यातून बाहेर ठेवायला जागा नाही. आमच्या घराला चार दिशा होत्या आणि चारही दिशांना कोणीतरी राहत होतं. ही काही नवी माहिती नव्हती. तरी पायाखालची गच्ची भाजत असूनही मला तिथून हलावंसं वाटेना.

“मग काढूनच टाका,” मी म्हटलं.

“नौतपा में?” त्यानं विचारलं. संध्याकाळी सानूनंही तोच प्रश्न विचारला, आणि मिलिंदनंही.

“तू काय करून राहिली? लोकांना सांगायचं ते सांग, आपल्या पोरीला काहून भाजतं?”

“आपल्यामुळं काकांची खिडकी बंद असते, मिलिंद.”

“कोणती खिडकी?”

मी त्याला हाताला धरून कोलकीत नेलं. तो खिडकीखाली पडलेल्या, ताठ झालेल्या पोत्याला बोट लावून आला. मग त्यानंच जिन्याखालचा कूलर ओढून काढला.

पुढचे दिवस सोपे होते असं लिहिलं तर ती दुसरी चूक होईल. कूलरचं जुनं गवत काढलं तर त्यात पालीची अंडी निघाली. नव्या वाळ्याच्या ताट्या आणल्या, पंप दुरुस्त करून घेतला. पहिल्या दुपारी सानू चादर ओली करून तिच्यात गुंडाळून बसली आणि माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखलं. मी घाबरले. यंत्र अजून घरातच होतं, कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यात. एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत परत भिंतीवर गेलं असतं. फोन हातात होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला.

“पोट्टीले इकडं आण व! इथं वारा आहे.”

मला वाटलं, समजूत घालताहेत. सानूला घेऊन गेले. निळी खिडकी सताड उघडी होती, आणि तिच्यातून खरंच वारा येत होता. गार म्हणावा असा नव्हे, पण सावलीतून आलेला. कोलकी दोन उंच भिंतींमध्ये आहे. ऊन तिथं माथ्यावर आलं तरच घटकाभर तळाशी पोहोचतं, एरवी दिवसभर सावली. बाहेरची तापलेली हवा वर उठते आणि कोलकीतली तिच्या जागी सरकत राहते. इथं येताना काकूंनी घर नव्हे, खिडकी पाहिली होती, ती का, हे मला त्या दुपारी कळलं. जी वाट वारा आणत होती तिच्याच तोंडात आम्ही आमची भट्टी टांगली होती.

काकांनी सानूला खाटेवर जागा करून दिली. काकूंनी तिला कांद्याबरोबर बासी दिली, रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात. बीरगावच्या शेजारणींकडून त्या ती शिकल्या होत्या. सानूनं नाक मुरडलं, मग वाटी संपवली.

“बाहर तो अभी भी उतना ही गरम है, काका,” ती म्हणाली.

“हव. पन हे ऊन कोणाचं नाही,” काका म्हणाले. “असं ऊन सोसता येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या खिडकीचा पडदा काढला, फोमची पट्टी सुरीनं खरवडली आणि तावदान ढकललं. समोर, हात लांब केला तर पोहोचेल इतक्या अंतरावर, काका बसलेले होते. मार्चपासून एवढ्याच अंतरावर होते.

चुकीची दुरुस्ती देणं हा आमच्या धंद्यातला नियम आहे. मी तीन ओळींचा ‘भूल सुधार’ लिहिला. स्तंभात उल्लेखलेल्या वड्या उन्हात नव्हे, शेजारच्या घरातल्या एसीच्या गरम हवेत वाळवल्या होत्या, आणि ते घर स्तंभलेखिकेचं आहे. संपादकांनी वाचून चष्मा वर केला, मग जाऊ दिला. जाहिरातीच्या वर, बारीक टायपात आला. दुसऱ्या दिवशी डेस्कवर दोन वाचकांचे फोन आले. दोघांना एकच विचारायचं होतं, की एसीच्या हवेत वड्या किती तासांत वाळतात आणि खाट किती लांब ठेवायची.

त्यांना मी उत्तर दिलं. तीन दिवस. आणि समोर कोणाची खिडकी आहे का ते आधी बघा.

आता त्यानंतरचा तिसरा उन्हाळा. सानूची उंची माझ्या खांद्यापर्यंत आली आहे. जून लागल्यावर हवा दमट होते, कूलरचा उपयोग उरत नाही, आणि त्या पंधरा दिवसांत आमच्या घरात दरवर्षी एकदा तरी खोक्याचा विषय निघतो. मिलिंदची गाडी अजूनही नवा रायपूरला रोज जाते. शहरातल्या भिंतींवरच्या पांढऱ्या पेट्या वाढल्या आहेत. आमच्या एका पेटीच्या जाण्यानं त्या आकाशाला काही कळलं असेल असा माझा दावा नाही. कोलकीला कळलं, एवढं पाहिलेलं आहे.

यंत्र ज्यावर टांगलं होतं तो लोखंडी कोन भिंतीत तसाच आहे. मागच्या दिवाळीत काकूंनी त्याला नव्या धानाच्या लोंब्यांची झालर बांधली, चिमण्यांसाठी, इथल्या लोकांसारखी. दाणे टिपून झाले, पेंढा अजून लटकतो आहे.

परवा सकाळी मी अंक वाचत बसले होते. खिडकीत आवाज झाला. पलीकडच्या निळ्या चौकटीतून काकांचा हात बाहेर आला होता, पूर्वीपेक्षा बारीक, पण खांद्यापासून पुरता लांबवलेला. हातात वड्यांचा डबा. मी इकडून हात लांब केला आणि डबा घेतला. वड्या किंचित मऊ होत्या, उन्हात वाळलेल्या असतात तशा.

काकांच्या मागून, दिसत नसलेल्या काकूंचा आवाज आला.

“पाच दिवस लागले व यंदाबी. खरंच उन्हातल्या आहे. आता तरी छाप.”